लान्सिंकांच्या घरातली बाळंतीण

१

मागच्या दाराशी लाकडी जोडा फरशीवर पडल्याचा आवाज झाला. एकच. मी दुसऱ्याची वाट पाहिली.

आमच्याकडे घरात शिरताना माणूस आधी एक जोडा काढतो, मग दुसरा, आणि त्या दोन आवाजांवरूनच कोण आलंय ते कळतं. दोन्ही लेकरं माझ्या दोन कुशींत नुकती डोळा लागून झोपली होती. घर इतकं गप्प होतं की चुलीत राख खाली बसल्याचंही ऐकू येत होतं. दुसरा जोडा काही पडला नाही.

सासूबाई उठून गेल्या. दारात लान्सिंकआजी उभ्या होत्या. एका पायात जोडा नव्हताच, नुसता लोकरी मोजा, बर्फाने भिजून काळा पडलेला. सत्तरी ओलांडलेली बाई शेतातून पळत आली होती. सासूबाईंनी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

"घेऊन गेले," त्या म्हणाल्या. "दोघांनाही."

तो फेब्रुवारीतला सोमवार होता, १९४४ सालचा. जर्मन शिपाई हॉलंडात येऊन चार वर्षं होत आली होती. माझा विलेम त्यांच्या कारखान्यात वेठीला गेला होता. आणि दोघं म्हणजे हेस्टर आणि मोझेस. ॲमस्टरडॅमचं ज्यू जोडपं, लान्सिंकांच्या गोठ्यावरच्या गवतात चौदा महिने राहिलेलं. मोझेस घड्याळं दुरुस्त करायचा. आमच्या एस्सेलो वाडीतली सगळी बंद पडलेली घड्याळं त्या चौदा महिन्यांत चालायला लागली होती, आणि ती कोणी चालू केली हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

खरं माहीत असणारी माणसं सहा. त्यांना वाडीत आणणारे शाळेचे ओंक मास्तर. आजी आणि त्यांचा बिनलग्नाचा मुलगा डेर्क. सुईण ट्रुईमावशी. सासूबाई आणि मी. बाकीच्यांना शंका असेलही, पण शंका आली की मान दुसरीकडे वळवायची एवढं आमच्या वाडीला येत होतं.

आजींना चहा म्हणून काहीतरी गरम पाणी दिलं तेव्हा माझ्या डाव्या कुशीतलं लेकरू चुळबुळलं. ती फेन्ना. वाडीला ठाऊक होतं की येन्नेकेला जुळं झालं, मुलगा बेरेंट आणि मुलगी फेन्ना. बेरेंट माझा. फेन्ना त्याच्यानंतर दोन दिवसांनी लान्सिंकांच्या गवतात जन्मली होती. सहा तास हेस्टरजवळ होती, मग ट्रुईमावशीने तिला लोण्याच्या टोपलीत घालून माझ्याकडे आणलं आणि कचेरीत दोघांची नावं एका ओळीत घातली. त्या आधी दोन दिवस मावशीने माझ्या दाराशी कोणाला येऊ दिलं नव्हतं. ताप आहे म्हणून सांगितलं होतं.

आजी माझ्याकडे बघत नव्हत्या, फेन्नाकडे बघत होत्या.

"कोणी तरी सांगितलंय," त्या म्हणाल्या. "आपल्यातल्याच कोणी तरी."

२

त्याच दुपारी ओंक मास्तर आले. टोपी हातात धरून उभे राहिले, लेकरांकडे न बघता बोलले. शुक्रवारी सकाळच्या गाडीने एक बाई येईल, फेन्नाला उत्तरेकडे घेऊन जाईल. तिकडे एक घर ठरलं आहे. ज्याने हेस्टरचं सांगितलं, त्याला मुलीचंही माहीत असणार. आज ना उद्या ते इथेही येतील.

मी विचारलं, दूध कोण पाजणार. मास्तर म्हणाले, बाटली. मी म्हटलं, ती बाटली घेत नाही, आणि बाहेर पाणी गोठतंय, दोन गाड्या बदलायच्या, चार आठवड्यांचं सुद्धा नाही लेकरू. मास्तरांनी टोपी हातात फिरवली. त्यांना काही सुचलं की ते बोलायचे, नाही सुचलं की टोपी फिरवायचे.

तेवढ्यात ट्रुईमावशी आली. तिच्या सायकलला टायरऐवजी बागेतल्या पाण्याचा रबरी पाइप गुंडाळलेला होता, त्यामुळे ती कुठूनही आली तरी आधी धपधप ऐकू यायची. ती आली की पहिल्यांदा हात धुणार, मग चुलीशी धरून गरम करणार, आणि हात गरम होईपर्यंत कोणाचं काही ऐकणार नाही. साठीची बाई. वाडीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली.

मास्तरांचं ऐकून ती म्हणाली, "आपल्यातलं कोणी बोललं असेल तर पोरगी गेलीच पाहिजे. बोललं नसेल तर राहील. गुरुवारपर्यंत मला वेळ दे, मास्तर."

"तुम्ही काय पोलीस आहात?"

"पोलिसाशी लोक खोटं बोलतात. सुईणीशी कशाला बोलतील? मी त्यांना त्याहून वाईट अवस्थेत बघितलंय. तुझ्या बायकोला विचार."

मास्तर कानापर्यंत लाल झाले आणि गेले.

माझ्या मनात एक नाव होतं. मी मावशीला हळूच सांगितलं. फेन्नाला घरात घेतलं तेव्हा सासूबाई खूश नव्हत्या. नवरा तिकडे आणि खाणारी तोंडं इकडे वाढवा, असं त्या दोनदा बोलल्या होत्या. आणि शनिवारी कोणाला न सांगता शहरात गेल्या, संध्याकाळी परतल्या, कुठे गेल्या होत्या विचारलं तर म्हणाल्या, पाय मोकळे करायला. तीन कोस बर्फातून पाय मोकळे करायला कोण जातं?

मावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मागच्या गुरुवारी पावाला कोण कोण आलं होतं ते सांग.

आमच्याकडे बाळंतविडा म्हणजे पाव. माणसाच्या उंचीचा, मनुक्यांनी भरलेला. जवळचे शेजारी तो शिडीवर ठेवून खांद्यावरून वाजत गाजत बाळंतिणीच्या घरी आणतात. युद्धात मनुका कुठली. पण कोणाच्या बरणीत मूठभर, कोणाकडे चिमूटभर, असं करून त्यांनी अर्ध्या उंचीचा का होईना आणलाच. जुळं आहे म्हणून शिडी आखूड पडली अशी थट्टा झाली. डेर्कने विचारलं, एवढं पीठ खाऊन येन्नेके पुन्हा जुळ्याला बसली तर पुढच्या वेळी शिडी कोणाची आणायची. बायका हसल्या. मी सगळ्यांची नावं सांगितली. अकरा माणसं. बाहेरचं कोणी नाही.

"आणि कोणी काय बोललं?"

मी आठवलं. हवा, गाई, विलेमचं पत्र. लान्सिंकांच्या घराचं नाव सुद्धा निघालं नाही. शपथेवर सांगते म्हटलं.

मावशी म्हणाली, शपथ नको. उद्या डेर्ककडे जाते. आज सकाळी शिपाई आले तेव्हा तो घरी नव्हता. म्हणतोय गिरणीवर गेला होता.

ती सायकलवर बसली आणि जाता जाता सहज बोलावं तशी म्हणाली, "सोमवारी गिरणी बंद असते."

३

डेर्क आता स्वतःच लपून होता, शाळेच्या सरपणाच्या खोलीत. शिपायांनी आजींना म्हातारी म्हणून सोडलं, दोन गाई नेल्या, पण डेर्कसाठी परत येऊ असं सांगून गेले होते.

तिथे काय झालं ते मावशीने मला बुधवारी सांगितलं. तिने गिरणीचं काही विचारलंच नाही. नुसती लाकडांवर बसून राहिली. चाळिशीचा बाप्या, खांदे बैलासारखे, तो थोड्या वेळाने आपण होऊन रडायला लागला. सोमवारी तो शेजारच्या वाडीत एका शेतकऱ्याकडे गेला होता, हेस्टर आणि मोझेसला तुम्ही ठेवाल का म्हणून विचारायला. चौदा महिने झाले होते. कुत्रं भुंकलं तरी तो दाराशी धावायचा. बाळ जन्मलं त्या दिवशी तर तो गोठ्यात गाईच्या पोटाला डोकं लावून उभा राहिला होता. त्याला ती दोघं घरातून जायला हवी होती. असं नाही, म्हणाला, असं नको होतं.

त्या शेतकऱ्याने नाही म्हटलं होतं. डेर्क परतला तेव्हा अंगणात चाकांच्या खुणा होत्या.

मी विचारलं, खरं बोलतोय कशावरून? मावशी म्हणाली, खोटं बोलणारा माणूस स्वतःला बरा दाखवतो.

सासूबाईंचंही तिने एका फटक्यात उरकलं. बुधवारी सकाळी त्या चुलीशी बटाटे सोलत होत्या तेव्हा मावशीने सरळ विचारलं, हन्ना, शनिवारी काय विकलंस? सासूबाईंची सुरी थांबली. मग त्या उठल्या, आपल्या खणातून एक पुडकं आणून माझ्या मांडीवर टाकलं आणि पुन्हा सोलायला बसल्या. आत लोकरीचं एक इवलं झबलं होतं, निम्मं विणलेलं. आणि त्यांचं भजनाचं पुस्तक त्या दिवसापासून दोऱ्याने बांधलेलं का असायचं ते मला तेव्हा कळलं. त्याच्या चांदीच्या कड्या गेल्या होत्या.

"बेरेंटला तुझ्या माहेरची लोकर होती," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हिला कोणाची?"

मला वाटलं जमीन फाटावी. पण मावशीला माझ्या लाजेशी काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, लेकरांना हन्नाकडे दे, शाल घे, आणि माझ्याबरोबर लान्सिंकांकडे चल.

बाळंत झाल्यापासून मी पहिल्यांदाच उंबरा ओलांडत होते. रस्ता वाडीच्या मधून जातो, चौकीवरून, मग उघड्या शेतातून. पाव मैल असेल. बर्फात पावलं आणि पावलंच होती.

आजी चुलीशी बसल्या होत्या. मावशीने त्यांना उठवलं आणि म्हणाली, कोण काय बोललं ते नको. सोमवारी ते आत आल्यापासून त्यांनी काय काय केलं, ते मला करून दाखव. पहिल्यांदा कुठे गेले?

आजी दारापाशी गेल्या. तिघं होते, म्हणाल्या. दोघं शहरातले, आणि आपला रूलोफ.

रूलोफ चौकीचा पोलीस. याच वाडीत जन्मलेला, ट्रुईमावशीच्याच हातावर. दोन वर्षांपूर्वी तो जर्मनांच्या पक्षात गेला.

रूलोफ सगळ्यांच्या पुढे होता. आजी त्याच्यासारख्या चालत गेल्या, सरळ भिंतीतल्या पलंगाकडे. त्याची दारं उघडली. पांघरुणाखाली हात घालून ऊब पाहिली. उशी उचलून वास घेतला. मग चुलीवरच्या दांडीकडे पाहिलं, जिथे ओले कपडे वाळत घालतात. मग खालचं तळघर. मग धुण्याची बादली. घर उलटंपालटं करत तास गेला. आजींना अंगणात उभं केलं. शेवटी शहरातल्यांपैकी एकाने कंटाळून गोठ्यावरच्या गवतात काटा खुपसायला सुरुवात केली.

आजी तिथे थांबल्या. पुढचं त्यांना करून दाखवता येईना. मग नुसतं म्हणाल्या, हेस्टर आपली आपण उतरली. काट्याच्या टोकापासून मोझेस दोन हातांवर होता.

"जाताना काय नेलं?"

"गाई नेल्या की."

"घरातून?"

आजींनी कपाळाला हात लावला. काहीच नाही, म्हणाल्या. मग म्हणाल्या, हां, रूलोफने एक फडकं नेलं. चुलीवर वाळत होतं, ते घडी करून खिशात घातलं. मला वाटलं नाक पुसायला घेतलं असेल मेल्याने.

मावशीने विचारलं, "कसलं फडकं, मिना?"

"पांढरं. लाल टाक्यांच्या किनारीचं." आजींनी माझ्याकडे पाहिलं, जरा ओशाळून, दुसऱ्याची वस्तू हरवल्यावर माणूस बघतं तसं. "तुझंच की गं येन्नेके. परत आणून द्यायचं राहिलं."

४

परतताना मावशी सायकल हातात धरून चालत होती. शेताच्या मधोमध तिने मला थांबवलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, कावळे तेवढे होते.

"मी बोलते, तू ऐक," ती म्हणाली. "मधे बोलू नको."

तिने एकेक करून मांडलं. आपण सहा जण, आणि सहाही जणांना माहीत होतं की दोघं गवतात आहेत. आपल्यातलं कोणी बोललं असतं तर ते आधी गवतात गेले असते. त्यांना तास लागला. म्हणजे लपायची जागा त्यांना ठाऊक नव्हती. आपल्या सहांना फेन्ना कुठे आहे तेही ठाऊक होतं. पण ते लान्सिंकांच्या तळघरात शोधत बसले आणि तुझ्या दाराकडे फिरकलेही नाहीत. म्हणजे तेही ठाऊक नव्हतं. मग ठाऊक काय होतं? रूलोफ पलंग चाचपतो, उशीचा वास घेतो, दांडीवर लंगोट बघतो. त्याला एवढंच ठाऊक होतं की लान्सिंकांच्या घरात कोणी तरी बाळंतीण आहे.

"कोणी बोललं नाही, येन्नेके. तू मला सांगितलंस ते खरं होतं. अकरा माणसं आली, कोणी चकार शब्द काढला नाही. मी चुकीचं विचारत होते. कोण काय बोललं ते विचारत होते."

मी सायकलचा दांडा धरला. मला गुरुवार दिसत होता. आजींना गाई पिळायच्या होत्या म्हणून त्या सगळ्यांच्या आधी उठल्या होत्या. मी बिछान्यातून पाव कापला होता. कडेचा तुकडा, ज्यात मनुका सगळ्यात जास्त उतरतात तो. सासूबाईंनी त्यावर आठवड्याचं लोणी थापलं होतं, एवढं की मी त्यांच्याकडे बघितलं होतं. मग ताटलीवर मी माझं फडकं घातलं.

ते फडकं आमच्याकडे प्रत्येक मुलगी लग्नाआधी शिवते. एरवी वापरायचं नाही. बाळंतविड्याचा पाव बाळंतिणीच्या घरातच कापायचा, घरातच संपवायचा, उंबऱ्याबाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही. एकाच ठिकाणी जातो. वाडीत दुसरी कोणी बाळंतीण असेल, अंथरुणातून उठून येऊ शकत नसेल, तर तिचा वाटा त्या लाल किनारीच्या फडक्याखाली झाकून पाठवायचा. मी लहानपणापासून आईला पाठवताना पाहिलं होतं. मी विचार केला नव्हता. श्वास घेताना कोण विचार करतं? हेस्टर तिकडे एकटी गवतात होती, छातीत दूध दाटलेलं, लेकरू माझ्याजवळ. तिला वाटा पाठवला नसता तर तो पाव मला गिळला नसता. एवढंच मनात होतं.

आणि आजी ती ताटली दोन्ही हातांत धरून, सणासारखी, भर दुपारी वाडीच्या मधून चालत गेल्या. ज्यांच्या घरात त्या स्वतः आणि एक बिनलग्नाचा बाप्या, दुसरं कोणी नाही.

"जर्मन माणसाने शंभरदा पाहिलं असतं तरी त्याला म्हातारी ताटली घेऊन चाललीय एवढंच दिसलं असतं," मावशी म्हणाली. "निम्म्या वाडीने पाहिलं असेल आणि मान वळवली असेल. चौकीवर एक आपला बसला होता, त्याने नाही वळवली."

मी म्हटलं, मीच.

मावशीने माझ्या शालीची गाठ घट्ट केली, लहान मुलाची करतात तशी.

मग तिचा चेहरा बदलला. ती हळू म्हणाली, फडकं तुझं आहे हे रूलोफला माहीत आहे. तू लान्सिंकांच्या बाळंतिणीला वाटा पाठवलास म्हणजे तुला ती माहीत होती. आणि त्याला तिथे लेकरू मिळालेलं नाही. तुझ्या घरात मात्र दोन आहेत.

५

गुरुवारी सकाळी मावशी रूलोफच्या घरी गेली. त्याची बायको गेस्ये आठव्या महिन्यात होती, त्यामुळे तिला कारण लागलं नाही. रूलोफ चौकीवर होता.

मी दोन्ही लेकरांना घेऊन खिडकीशी बसले. उद्याच्या गाडीसाठी सासूबाईंनी फेन्नाचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. झबलं त्यांनी रात्रीतून पुरं केलं होतं. एक बाही किंचित लांब झाली होती. फेन्ना पीत होती आणि मधेच थांबून माझ्याकडे बघत होती, डोळे अजून धुरकट, कशावरही न ठरणारे. मी तिला म्हणत होते, पी गं, पोटभर पी, आणि मला माहीत नव्हतं की उद्यासाठी म्हणतेय की रोजच्यासाठी.

धपधप ऐकू आलं. मावशीने हात धुतले, गरम केले. मग एप्रनच्या खिशातून माझं फडकं काढून टेबलावर ठेवलं.

गेस्येने ते स्वतःच आणून दिलं होतं. मावशी तिचं पोट तपासत होती, एक शब्द बोलली नव्हती, आणि गेस्ये छताकडे बघत सांगायला लागली. रूलोफ मागच्या गुरुवारी संध्याकाळी हसत घरी आला. म्हणाला, लान्सिंकांच्या म्हातारीने बाळंतिणीचा वाटा नेला, म्हातारीच बाळंत झाली की काय. तिला रात्रभर झोप लागली नाही. तिला वाटलं तो विसरेल. सोमवारी तो परत आला तेव्हा हसत नव्हता. त्याने हेस्टरला विचारलं होतं, लेकरू कुठे आहे. ती म्हणाली, मेलं. त्याने विचारलं कुठे पुरलं. तिने नासपतीच्या झाडाकडे बोट केलं. अंगणात बर्फ होता, जमीन दगड झालेली. शहरातले म्हणाले खणून बघू. रूलोफ म्हणाला, नको.

रूलोफ आणि गेस्येची दोन लेकरं त्यांच्या घरामागे आहेत, नासपतीच्याच झाडाखाली. दोन्ही मावशीनेच गुंडाळून दिली होती.

"त्याने घरी येऊन एवढंच सांगितलं म्हणे, तिचंही गेलं," मावशी म्हणाली. "जेवला नाही."

मी हेस्टरचा विचार करत होते. आपलं लेकरू पाव मैलावर जिवंत आहे, दूध पितंय, हे माहीत असताना तिने ते शब्द तोंडातून काढले असतील. तिचा आवाज हलला नसेल, नाहीतर त्याने विश्वास ठेवला नसता.

"आणि फडकं?" सासूबाईंनी विचारलं.

फडकं त्याने पुराव्यासाठी ठेवलं होतं. गेस्येने ते कोटातून काढून घेतलं आणि चुलीत गेलं म्हणून सांगितलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, जोडे घातले आणि बाहेर गेला. आता त्याच्याकडे दाखवायला काही नाही. मावशी निघताना गेस्येने तिचा हात धरला आणि विचारलं, येन्नेकेची दोन्ही पितात ना नीट? मावशी म्हणाली, पितात. गेस्ये म्हणाली, मग बरं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी ओंक मास्तर आले तेव्हा मावशीने त्यांना तीन वाक्यांत निकाल दिला. आपल्यातलं कोणी बोललेलं नाही. पोलिसाच्या लेखी ते लेकरू मेलेलं आहे. आणि धाड पडल्यावर चार दिवसांत जुळ्यातलं एक नाहीसं झालं, तर आज जे मान वळवतायत ते सुद्धा मोजायला लागतील.

मास्तरांनी टोपी फिरवली. मग विचारलं, त्यांना कळलं कसं?

मावशी माझ्याकडे बघणारसुद्धा नव्हती, मला ते समजत होतं. ती म्हणाली, रूलोफने वास काढला. मास्तरांना तेवढं पुरलं.

सासूबाईंनी गाठोडं सोडलं आणि कपडे एकेक करून खणात ठेवले. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "लोणी मी लावलं होतं." पुढे या विषयावर त्या कधीही बोलल्या नाहीत. लान्सिंकआजींना आम्ही सांगितलं नाही. त्या दोन हिवाळे जगल्या, आणि कोणी बोललं असेल याचा विचार करत गेल्या. ते मला अजून खातं. पण सांगितलं असतं तर त्या स्वतःचे हात बघत गेल्या असत्या.

फेन्ना राहिली, कारण माणूस नव्हे, ताटली बोलली होती. ज्या कारणाने ती माझ्याजवळ राहू शकली, त्याच कारणाने तिची आई गेली, आणि ते कारण मी माझ्या हाताने कापून, झाकून दिलं होतं. मी हे सात वर्षं उलटसुलट करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी ते तेवढंच आहे.

६

युद्ध संपल्यावर एक छापील कागद आला. त्यात हेस्टर आणि मोझेसचं नाव होतं आणि एकाच आठवड्यातल्या दोन तारखा. त्यांच्या घरचं कोणीच उरलं नव्हतं. रूलोफला नेलं, चार वर्षांनी सोडलं. तो आता दुसरीकडे कुठे तरी राहतो. विलेम परत आला, आणि दाराशी दोन लेकरं पाहून आधी बेरेंटला उचलावं की फेन्नाला, हे न कळून तो नुसता गुडघ्यांवर बसला.

फेन्नाला तिचं मूळ आम्ही लपवलं नाही. ती बोलायला लागल्यापासून तिला माहीत आहे की एक आई गवतात होती. पण ताटलीचं मी सांगितलं नव्हतं. या जानेवारीत ती सात वर्षांची झाली, आणि शाळेत कोणी तरी म्हणालं की तुझ्या आईबापाला वाडीतल्याच माणसाने पकडून दिलं. ती घरी येऊन कोण म्हणून विचारत राहिली. मास्तर का, डेर्ककाका का. ती एकेकाकडे संशयाने बघायला लागली तेव्हा मी ठरवलं. बेरेंट आणि विलेम गोठ्यात होते. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, पाव, कडेचा तुकडा, फडकं. मी म्हणाले, मी पाठवलं. तिला एकटं वाटू नये म्हणून पाठवलं, आणि त्यामुळे त्यांना कळलं.

मी तिच्या रागाची तयारी करून बसले होते. ती रागावली नाही. तिने विचारलं, तिने तो तुकडा खाल्ला का? मी म्हटलं, आजी सांगायच्या, खाल्ला, त्यातल्या मनुका आधी वेचून मोझेसला दिल्या. फेन्नाने मान हलवली, हिशेब पटल्यासारखी.

मग तिने ते सहा तास विचारले. कोण जवळ होतं, अंधार होता का, गाई खाली होत्या का. जे मला मावशीकडून कळलं होतं ते मी सांगितलं. मावशीला मी एकदा विचारलं होतं, तिच्या मरणाच्या थोडं आधी. ती म्हणाली, टोपली घेऊन मी आत गेले तेव्हा हेस्टर लेकराच्या कानाला तोंड लावून काही तरी सांगत होती. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. मी पाठ फिरवली गं. ते माझ्यासाठी नव्हतं. आणि तिथे तिसरं होतं कोण? मोझेस.

हेही मी फेन्नाला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. ती माझ्या मांडीत आली, आता मावत नाही तरी आली, पाय खाली लोंबत. माझ्या एप्रनचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"फेन्ना नाव मावशीने ठेवलं ना, कचेरीत?"

मी हो म्हटलं.

"मग आई," तिने वर बघून विचारलं, "माझं नाव काय होतं?"